गोडं पाणी, मचूळ पाणी आणि बॅटरीचं पाणी

पौष पौर्णिमेला पिंपळगाव रोठ्याला कोरठण खंडोबाची यात्रा भरते. तिच्या आदल्या आठवड्यात आमच्या पारनेरकडच्या वस्त्यांवर एक आवाज हमखास ऐकू येतो. कट्, कट्, कट्. दिवाळी करून मंडळी मुंबईला परतली तेव्हा गाडी पत्र्याच्या शेडमध्ये लावली, वर ताडपत्री टाकली आणि किल्ली खुंटीला अडकवली. दोन-अडीच महिन्यांनी यात्रेला आल्यावर ती किल्ली फिरवली की इंजिनाऐवजी हा आवाज येतो.

आमच्या आबांकडे, म्हणजे चुलत्यांकडे, जुनी महिंद्रा जीप आहे. पुढच्या बंपरला हँडल घालून फिरवायचं भोक आहे आणि हँडल अजून सीटखाली पडलेलं असतं. गाडी हाताने सुरू करायची पद्धत १९१२ सालच्या कॅडिलॅकने मोडायला सुरुवात केली. त्या मोटारीत विजेवर फिरणारा स्टार्टर बसवला आणि तेव्हापासून बॅटरी गाडीच्या मानेवर बसली ती बसलीच. डिझेल इंजिन फिरवायला स्टार्टर काही सेकंद दोनशे-तीनशे अँपिअर ओढतो. घरातला शंभर वॅटचा जुना बल्ब अर्धा अँपिअरसुद्धा घेत नाही, यावरून त्या काही सेकंदांचा अंदाज यावा. कट्-कट् म्हणजे स्टार्टरचा स्विच ओढला जातोय, पण पुढचा दम बॅटरीत नाही.

दोन वर्षांपूर्वी असंच झालं. मिस्त्री आले, झाकणं उघडली, अ‍ॅसिडाची घनता मोजायचा हायड्रोमीटर बुडवला आणि म्हणाले, "आबा, ग्रॅव्हिटी पार उतरलीय. थोडं अ‍ॅसिड सोडतो, लगेच उठंल." अ‍ॅसिड सोडलं, चार्जिंगला टाकली, बॅटरी उठली. त्या वर्षी यात्रा झाली. उन्हाळा संपायच्या आत बॅटरी मेली.

मिस्त्री लबाड नव्हते. हायड्रोमीटर जे दाखवत होता तेच त्यांनी वाचलं. चूक होती ती अ‍ॅसिड कुठे गेलं या समजुतीत, आणि हे सगळं प्रकरण त्या एका समजुतीभोवतीच फिरतं.

बॅटरी म्हणजे विजेची टाकी, असं आपण धरून चालतो. टाकी रिकामी झाली की भरायची. पण आत वीज साठवलेली नसतेच. आत शिशाच्या दोन तऱ्हेच्या पट्ट्या असतात. मिस्त्रींच्या भाषेत प्लेटा. एकीवर शिशाचा तपकिरी ऑक्साइड, दुसरीवर मऊ स्पंजासारखं करडं शिसं, आणि दोन्ही पातळ गंधकाम्लात बुडलेल्या. गास्तों प्लान्ते या फ्रेंच माणसाने १८५९ साली शिशाचे दोन पत्रे मध्ये कापड घालून गुंडाळले आणि अ‍ॅसिडात बुडवले. १८८१ मध्ये कामिय फोर याने पत्र्यावर शिशाच्या ऑक्साइडचा लगदा थापायची युक्ती काढली. आबांच्या जीपमधली बॅटरी मुळात तीच आहे. खोकं बदललं, प्लेटांची जाळी बदलली, रसायन तेच.

बॅटरी वीज देते तेव्हा अ‍ॅसिडातला गंधकाचा भाग दोन्ही प्लेटांत जाऊन बसतो. दोन्हींवर शिशाचं सल्फेट तयार होतं आणि द्रवात पाणी वाढतं. म्हणून उतरलेल्या बॅटरीतलं अ‍ॅसिड पातळ होतं. पूर्ण भरलेलं असताना ज्याची घनता पाण्याच्या सव्वापट असते, म्हणजे १.२५० च्या आसपास, ते पार उतरल्यावर १.१२० च्या खाली येतं. मिस्त्री त्याला बाराशे पन्नास आणि अकराशे वीस म्हणतात. चार्जिंगला टाकलं की उलटा प्रवास होतो. प्लेटांत बसलेलं गंधकाम्ल पुन्हा द्रवात उतरतं, ग्रॅव्हिटी, म्हणजे हीच घनता, चढते. अ‍ॅसिड घर सोडून कुठेच गेलेलं नसतं, नुसतं आतल्या खोलीत गेलेलं असतं. अशा वेळी वरून आणखी अ‍ॅसिड घातलं तर चार्ज झाल्यावर आधीचंही बाहेर येतं, नवीनही असतंच, आणि ग्रॅव्हिटी तेराशेच्या वर जाते. तसं जहाल अ‍ॅसिड नगरच्या उन्हाळ्यात प्लेटांची जाळी खाऊन टाकतं. उष्ण मुलखासाठी बॅटरी बनवताना आत मुद्दाम थोडं सौम्य अ‍ॅसिड भरतात ते याच कारणाने. थंडीत बर्फ पडणाऱ्या देशांत १.२८० ठीक, आपल्याकडे १.२४० ते १.२६० पुरे.

मग कमी होतं ते काय? पाणी. बॅटरी भरत आली आणि तरी विजेचा रेटा चालू राहिला की ती वीज पाणी फोडायला लागते. एका प्लेटेवर हायड्रोजन, दुसरीवर ऑक्सिजन, आणि आत दूध उतू जायच्या बेतात असावं तशी बुडबुड्यांची उकळी. अ‍ॅसिड त्या वायूंबरोबर जात नाही, बारीक तुषार सोडले तर. हिशेब सोपा आहे: जास्तीच्या दर ३ अँपिअर-तासांमागे एका कप्प्यातलं १ ग्रॅम पाणी जातं. बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा कप्पे, म्हणजे सहा ग्रॅम. जुन्या गाडीचा रेग्युलेटर बिघडला असेल तर हे रोजचं होतं. महिन्या-महिन्याला पाणी मागणारी बॅटरी दिसली की आधी रेग्युलेटर तपासावा. इंजिन जोरात असताना बॅटरीवर साडेचौदा व्होल्टच्या वर दिसू नये. सहापैकी एकाच कप्प्याला जास्त पाणी लागतं का, तेही पाहावं. तसं असेल तर तो एक कप्पा आजारी समजायचा.

तर बॅटरीत घालायचं ते पाणी. आणि पाणी म्हटलं की पारनेरकराला शिकवायला जाऊ नये. हा पर्जन्यछायेतला तालुका. कुठल्या विहिरीचं पाणी गोडं, कुठल्या बोअरचं मचूळ, कशात डाळ शिजत नाही आणि कशाने कापडाला साबण लागत नाही हे इथल्या बायांना तोंडपाठ असतं. राळेगणसिद्धीने १९७५ नंतर डोंगरउतारावर चर खणून, बांध घालून पावसाचा थेंब जमिनीत मुरवला आणि विहिरींना पाणी आणलं, ते सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. पण गंमत अशी की ज्या मुरलेल्या पाण्याचा आपल्याला एवढा अभिमान, नेमकं तेच बॅटरीला चालत नाही. पाणी काळ्या पाषाणाच्या भेगांतून झिरपताना चुना, मॅग्नेशियम आणि आणखी बरंच काही सोबत घेतं. पिकाला ते चालतं, माणसालाही बहुधा चालतं. बॅटरीतून मात्र पाणीच तेवढं वायू होऊन उडतं, क्षार मागे राहतात. चहाचं पातेलं पुन्हा पुन्हा आटवत राहावं तसं. प्रत्येक वेळी वरून घातलेल्या पाण्यातले क्षार आधीच्यांत मिळतात आणि साचतच जातात.

सगळ्यांत वाईट लोखंड. बोअरच्या पाण्यात केसिंग पाइपाचा गंज थोडाफार उतरतोच. लोखंडाचा कण द्रवात तरंगत धनप्लेटेजवळ जातो, तिथे तिच्याकडून थोडा विद्युतभार काढून घेतो, मग ऋणप्लेटेजवळ जाऊन तो तिला देऊन येतो, आणि पुन्हा परत फिरतो. दोन घरांत इकडचं तिकडे करणारी एखादी बाई असावी, तसा तो हेलपाटे घालत राहतो आणि स्वतः मात्र जसाच्या तसा राहतो. गाडी शेडमध्ये उभी, किल्ली खुंटीला, एक तार जोडलेली नाही, तरी बॅटरी आतल्या आत उतरते. ग्रामपंचायतीच्या नळाला टीसीएल पावडरीचं क्लोरीन असतं. त्यातून येणारा क्लोराइडसुद्धा शिशाच्या प्लेटांना झिजवतो.

"आमच्याकडे फिल्टरचं पाणी आहे की!" असं हमखास कोणीतरी म्हणतं. आरओचं पाणी बोअरपेक्षा पुष्कळ बरं, पण त्यात थोडे क्षार राहतात, आणि चव यावी म्हणून काही यंत्रांत ते मुद्दाम परत मिसळतात. पारख घरच्या घरी होते. स्टीलच्या स्वच्छ ताटात पाण्याचा थेंब उन्हात वाळू द्यावा. पांढरी कड उमटली तर ते पाणी बॅटरीचं नाही. शेजारी दुकानातल्या डिस्टिल वॉटरचा थेंब वाळवून पाहावा, फरक आपोआप दिसतो. पावसाचं पाणी तत्त्वतः चालतं. उघड्या अंगणात, प्लॅस्टिकच्या टबात, पहिला पाऊस सोडून धरलेलं. पत्र्यावरून ओघळलेलं नको, त्यात जस्त आणि गंज येतो. पण माझं मत विचाराल तर हा खटाटोप करूच नये. पेट्रोल पंपावर, सुट्या भागांच्या दुकानात पाण्याचा कॅन मिळतो, आणि नव्या बॅटरीच्या किमतीपुढे तो खर्च म्हणजे काहीच नाही.

पाणी कधी घालायचं, यात एक बारीक गोम आहे. उतरलेल्या बॅटरीत आधी काठोकाठ पाणी भरलं आणि मग चार्जिंगला टाकलं तर बुडबुड्यांनी द्रव फुगतो आणि झाकणातून अ‍ॅसिड बाहेर सांडतं. म्हणजे जे जायला नको तेच जातं. म्हणून प्लेटा उघड्या पडल्या असतील तर त्या जेमतेम बुडतील एवढंच पाणी आधी घालायचं. प्लेटांच्या वर बोटाच्या जाडीएवढं, किंवा खोक्यावर खूण असेल तर वरच्या रेघेपर्यंत, असं पाणी चार्जिंग झाल्यावर. वरून घातलेलं पाणी हलकं, ते अ‍ॅसिडावर तरंगत राहतं, म्हणून पाणी घालून लगेच हायड्रोमीटर बुडवला तर तो खोटं बोलतो. मिस्त्रींनी त्या वर्षी आधी पाणी घालून मग ग्रॅव्हिटी पाहिली होती का, ते आता कोणाला आठवत नाही. आणखी एक, उन्हाचं. चाळीस अंशांना अ‍ॅसिड प्रसरण पावतं, त्यामुळे वैशाखातल्या दुपारी हायड्रोमीटर खऱ्यापेक्षा जवळजवळ दहा पॉइंट कमी दाखवतो. १.२४० दिसलं तर १.२५० धरावं.

आता उभ्या गाडीचं दुखणं. प्लेटांवरचं सल्फेट ताजं असतं तेव्हा पिठीसारखं बारीक असतं, चार्जिंगने झटकन विरघळतं. तसंच महिना-दोन महिने पडून राहिलं की त्याचे कण एकमेकांना धरून खडे होतात. गुळाची ढेप पावसाळ्यात पाझरते आणि मग दगडासारखी होते, तिला नखाने टोकरता येत नाही, तसं. मिस्त्री म्हणतात, "प्लेटा पांढऱ्या पडल्या." आणि हे सगळं उष्णतेने वाढतं. पत्र्याच्या शेडमध्ये एप्रिल-मे काढलेली बॅटरी आणि माजघरातल्या गार फरशीवर ठेवलेली बॅटरी यांच्या तब्येतीत दिवाळीपर्यंत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. ताडपत्री गाडीला झाकते, बॅटरीला मात्र उकडतं. गाडी दोन महिने उभी राहणार असेल तर बॅटरी काढून घरात आणावी आणि महिन्यातून एक रात्र पडवीत चार्ज करावी, एवढं जरी केलं तरी कट्-कट् बंद होते.

आमच्या नगरच्या कारखान्यात लुना मोपेड बनायची तेव्हा हा त्रासच नव्हता. लुना बॅटरीशिवाय चालायची. इंजिनाच्या फिरण्याबरोबर मॅग्नेटो ठिणगी पाडायचा आणि दिवाही लावायचा, म्हणून चढावर दिवा मंद व्हायचा आणि उतारावर भगभगीत. दुसऱ्या टोकाला नगरचंच रणगाडा संग्रहालय आहे. ते १९९४ मध्ये उघडलं. तिथले जुने रणगाडे पाहताना माझं लक्ष तोफेपेक्षा बॅटरीच्या कप्प्याकडे जातं, हा माझा दोष समजा.

घरी चार्ज करायचं ते असं. सहा व्होल्टची बॅटरी की बारा, हे आधी पाहावं. जुन्या राजदूत, जावा, बुलेट यांत सहाची असे. तिला बाराचा चार्जर लावला तर तासाभरात अंत्यविधी. गाडीतून काढताना आधी ऋण तार, म्हणजे बॉडीला जोडलेली, मग धन. बसवताना उलट. असं का? पाना धन टर्मिनलवर असताना चुकून बॉडीला टेकला तर शेकडो अँपिअर त्या पान्यातून धावतात. ऋण तार आधीच सुटलेली असेल तर टेकला तरी काही होत नाही. टर्मिनलवर फुलून आलेला पांढरा-हिरवा भुगा गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवावा. फसफसतो तेव्हा आत काय होतं ते डोळ्यांनी दिसतं. पण झाकणं घट्ट असतानाच. सोड्याचा एक थेंब आत गेला तर तोच सोडा आतल्या अ‍ॅसिडालाही मारतो. वाळल्यावर थोडं व्हॅसलीन. जुने कपडे घालावेत. बॅटरी उचलली त्या दिवशी पँट धडधाकट दिसते आणि धुतल्यावर चाळणी होऊन हातात येते. डोळ्यात अ‍ॅसिड उडालं तर सोडाबिडा नाही, भरपूर साधं पाणी, पंधरा-वीस मिनिटं, आणि मग दवाखाना.

प्रवाह किती? अँपिअर-तासांच्या दहाव्या हिश्श्याइतका. आबांची बॅटरी साठाची, म्हणजे सहा अँपिअर. पूर्ण उतरलेली असेल तर बारा-चौदा तास. घाईने वीस अँपिअर सोडणारे दुकानदार आहेत. त्यांची बॅटरी दुपारी तयार होते, पण प्लेटांवरचा लगदा त्या तापाने सुटून तळाला बसतो. खोक्याला हात लावावा, चटका बसण्याइतकं गरम झालं तर थांबावं. वीज मध्येच गेली तर बिघडत नाही, आली की पुन्हा चालू. पण पूर्वीच्या भारनियमनाच्या दिवसांत आमच्याकडे चार्जिंगला तीन-तीन दिवस लागायचे आणि आबा वीज आल्याचं कळावं म्हणून शेजारी एक बल्ब लावून ठेवायचे. आता राळेगणसिद्धीत सौर प्रकल्पातून शेतीपंपांना दिवसा वीज मिळायला लागली, तेव्हापासून आबांच्या डोक्यात पॅनेल आहे. वीस वॅटचं पॅनेल बॅटरी जागी ठेवायला छान, फक्त मध्ये कंट्रोलर हवा, नाहीतर उन्हाळ्यात तेच पाणी उडवत बसतं.

झाकणं सैल ठेवावीत आणि बॉनेट उघडं, किंवा बॅटरी पडवीत. सहा अँपिअर पूर्ण भरलेल्या बॅटरीत जात राहिले तर तासाला पंधरा लिटर हायड्रोजन निघतो. हवेत चार टक्के झाला की तो पेट घेऊ शकतो. म्हणजे पंधरा लिटर हायड्रोजन जवळजवळ दोन पिंपं भरतील एवढी हवा पेटती करायला पुरतो. मोकळ्या पडवीत तो वर निघून जातो. बंद बॉनेटखाली तो साचतो, आणि मग पाणी किती आहे ते पाहायला कोणीतरी काडी ओढतो. टॉर्च वापरावी. चिमटे काढताना आधी चार्जरचं बटण बंद करावं, ठिणगी बॅटरीपाशी पडायला नको.

एक जुगाड मात्र अजूनही दिसतं, आणि ते पाहून माझ्या पोटात गोळा येतो. घरच्या विजेला एक डायोड आणि शंभर वॅटचा बल्ब जोडून तार थेट बॅटरीला. चालतं का? चालतं. पण डायोडमुळे अर्धीच लाट जाते, सरासरी प्रवाह जेमतेम पाव अँपिअरच्या आत. साठ अँपिअर-तास भरायला बारा-तेरा दिवस. आणि तेवढे दिवस बॅटरी, आणि ती गाडीत असेल तर अख्खी जीप, घरातल्या जिवंत तारेला जोडलेली. शेड धुवायला आलेल्या माणसाला हे कोण सांगणार? चांगल्या चार्जरमध्ये ट्रान्सफॉर्मर असतो, तो घरची वीज आणि बॅटरी यांना अलग ठेवतो. पैसे द्यायचे ते त्याच्यासाठी.

भरली कधी समजायची? सगळ्या कप्प्यांत सारखी उकळी फुटली आणि तासातासाने घेतलेली ग्रॅव्हिटी तीन वेळा तीच आली की झालं. मग चिमटे काढून रात्रभर तशीच ठेवावी आणि सकाळी मल्टिमीटर लावावा. १२.६ व्होल्ट असेल तर ठणठणीत, १२.२ म्हणजे निम्मी, ११.९ म्हणजे रात्रीत सगळं गळून गेलं. चार्जर काढल्या काढल्या तेरा व्होल्ट दिसतात, त्यावर जाऊ नये. ताज्या भाकरीचा फुगा तो, ताटात येईपर्यंत बसतो. पाच कप्प्यांत १.२५० आणि तिसऱ्यात १.१२० असं दिसलं तर तो कप्पा आतून शॉर्ट झाला. अशा बॅटरीला अ‍ॅसिड, पाणी, चार्जिंग काही लागू पडत नाही. ती भंगारवाल्याला दिली आणि त्याने परसात अ‍ॅसिड ओतलं तर शिसं आपल्याच विहिरीत उतरणार. नवी घेताना जुनी दुकानदाराला परत द्यावी. २००१ च्या नियमांनी विक्रेत्याने ती परत घेणं बंधनकारक केलं होतं, २०२२ मध्ये त्यांच्या जागी नवे नियम आले. जुनी परत दिली की किंमतही कमी होते.

आबांनी गेल्या वर्षी नवी घेतली. पाण्याचा कॅन माजघरात, तुळशीच्या तीर्थापासून लांब, कारण एकदा काकूंनी ते तीर्थात घातलं होतं. महिन्यातून एक रात्र बॅटरी पडवीतल्या फरशीवर चार्ज होते. या पौषात सकाळी मी मीटर लावला, १२.६. किल्ली फिरवली आणि जीप पहिल्या झटक्याला सुरू झाली. आबा काही बोलले नाहीत. कोरठणला पोचल्यावर सपाटीवर भरपूर जागा होती, तरी त्यांनी जीप उतारावरच लावली.